नऊ बरण्या माती

नव्वदच्या दशकात मी नारायणगावच्या एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरीला लागले. काम एकच, शेतकऱ्यांनी आणलेली माती तपासायची आणि कोणतं खत किती घालायचं ते लिहून द्यायचं. मी राजुरीची, शेतकऱ्याचीच मुलगी. माती म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच महिन्यात मोडीत निघाली.

झालं असं, की येणारी प्रत्येक माती उत्तम निघायची. भुसभुशीत, काळीभोर, एकही खडा नाही. ज्यांचं रान मी डोळ्यांनी पाहिलं होतं, मुरमाड, नांगराला दाद न देणारं, त्यांचीही माती पिशवीतून लोण्यासारखी बाहेर पडायची. मग एका आजोबांनी सहज सांगून टाकलं की माती गोठ्यामागची आहे. म्हटलं, "अहो, तिथं तुम्ही कांदा लावणार आहात का?" तर म्हणाले, "तसं न्हाई, पण हापिसात द्यायची म्हनल्यावर जरा बरी बघून आनली."

पाहुणे येणार म्हटलं की आपण घर आवरतो, तशी ही माणसं माती आवरून आणायची. खडे वेचायची, ढेकळं फोडायची, एक बाई तर उन्हात वाळवून नव्या फडक्यात बांधून घेऊन आल्या होत्या. फसवायचा हेतू कुणाचाच नसायचा. आपलं रान चारचौघांत उघडं पडू नये, एवढंच. मी चिडायचे. माझा आवाज आधीच मोठा, त्यात चिडले की रस्त्यावर ऐकू जायचा. "आजारी माणसाऐवजी धडधाकट भावाला डॉक्टरकडे पाठवाल का?" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं असेन की प्रयोगशाळेचे साहेब आतल्या खोलीतून माझ्याआधी ते पूर्ण करायचे.

एवढं सगळं माहीत असून मी स्वतः त्याच खड्ड्यात पडले, ती ही गोष्ट.

माझी मावशी जुन्नरला बालवाडी चालवायची. बालवाडी एका मंडळाची, पण जागा देवळाच्या सभामंडपात. सकाळी मावशी सतरंजी पसरायची, फळा टांगायची, आणि साडेअकराला सगळं गुंडाळून कपाटात. सप्ताह असला की पोरं चिंचेखाली. कुणाचं लग्न असलं की पोरांना सुट्टी. पोरांनी काढलेली चित्रं ती भिंतीला चिकटवायची आणि संध्याकाळी भजनाची मंडळी यायच्या आत स्वतःच्या हातांनी काढून ठेवायची. माझं शाळा-कॉलेज तिच्याच घरी राहून झालं, त्यामुळे हे मी कैक वर्षं बघत होते. एकदा मी विचारलं होतं, तुला काय पाहिजे गं? ती म्हणाली, "एक खोली पायजे. आज लावलेलं चित्र उद्या तिथंच दिसलं पायजे. बाकी काय न्हाई."

आणि दोन हजार सालानंतर ती खोली खरंच मिळायची वेळ आली. गावाच्या कडेला मंडळाची एक जुनी जागा होती. पडक्या शेड, दगडी फरशीचा एक चौक, एका बाजूला एक म्हातारे मामा आणि त्यांची पंधरा-वीस मेंढरं. हे मामा मूळचे मेंढपाळ, आता मंडळासाठी जागेची राखण करायचे. ती जागा मोकळी करून खाली चार दुकानं, वर सभागृह आणि मागे बालवाडीची खोली असं बांधायचं ठरलं. जुन्नरचेच एक गृहस्थ, परदेशात स्थायिक झालेले, मोठी देणगी देणार होते. मात्र त्यांनी पत्रात एक अट घातली होती. जिथं लहान मुलं बसणार त्या जमिनीत काही विषारी नाही, असा तपासणीचा अहवाल आधी पाहिजे.

मंडळात हशा पिकला. जुन्नरच्या मातीत विष? पण देणगी त्यांची, अट त्यांची. पुण्याहून आलेला तरुण इंजिनिअर मात्र हसला नाही. त्याने शहरात एका जुन्या वर्कशॉपच्या जागी पाया खणताना जमिनीतून काळं तेल वर आलेलं पाहिलं होतं. तो म्हणाला, पाया घालण्याआधी कळलेलं बरं. मग माती घ्यायचं काम कुणाचं? मावशीने हात वर केला. "माझी भाची तेच करते."

मावशीची सेवा संपायला त्या वेळी जेमतेम दीड वर्ष उरलं होतं. मंडळाचा नियम कडक, साठ पूर्ण झाली की थांबायचं. पावसाळ्याआधी पाया पडला तर पुढच्या जूनला खोली तयार, म्हणजे तिला निदान काही महिने त्या खोलीत शिकवता येणार होतं. ती बोटांवर मोजून दाखवायची, पुन्हा पुन्हा, जणू मीच विसरणार होते.

मी एका शनिवारी जाऊन जागा पाहिली, कागदपत्रं चाळली. कागदांवर फक्त "मोकळी जागा व शेड" एवढंच होतं. मग मोजून नऊ ठिकाणी खुंट्या ठोकल्या, त्यांना आकडे दिले, नऊ काचेच्या बरण्यांवर तेच आकडे चिकटवले. आता खरं म्हणजे खोदायचंही मीच. पण आमच्याकडे कांद्याच्या हंगामामुळे मातीच्या पिशव्यांचा ढीग लागलेला, साहेब रविवारचीही सुट्टी देईनात, आणि मला घाई झालेली. मी मामांना खुरपं दिलं, किती खोल जायचं ते काठीवर खूण करून दाखवलं आणि सांगितलं की सोमवारी बरण्या भरून नारायणगावच्या एस.टी.त ड्रायव्हरजवळ द्या. मामा म्हणाले, "काय बी काळजी करू नगंस पोरी. अशी माती धाडतो, का बघतच राहशील."

बरण्या वेळेवर आल्या. नऊच्या नऊ, आकड्यांच्या क्रमाने, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. अर्धी माती मी आमच्याकडे तपासायला घेतली, अर्धी विषाच्या तपासणीसाठी पुण्याला पाठवली. आमच्याकडचे आकडे मी स्वतः वहीत उतरवले आणि त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तीन आठवड्यांनी पुण्याचं पत्र आलं, नऊही बरण्या निर्दोष. मी दुपारच्या गाडीने जुन्नर गाठलं. मावशीने पत्र देवापुढे ठेवलं, मला कुशीत घेतलं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीत पेढे वाटले. भजनाच्या मंडळींना तिने दोन-दोन पेढे दिले आणि सांगितलं, "आता हार्मोनियम कुठं बी ठिवा, माझी पोरं चालली." त्या दिवशी मी इतकी खूश होते की परतीच्या एस.टी.त उभी राहूनही पाय दुखले नाहीत.

चार दिवसांनी अवसरी खुर्दचे एक शेतकरी माती घेऊन आले. पिशवी उघडली आणि माझं डोकं फिरलं. नेहमीचीच तऱ्हा, मऊशार, चाळलेली. तपासल्यावर सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीचा कस, एवढा, की त्यात काठी खुपसली तरी पालवी फुटावी.

"पाहुणं, ही माती गोठ्याजवळची ना?" मी आवाज चढवला.

"तुमाला कसं कळलं वो?"

"कसं कळलं म्हणजे? आकडे बोलतात! आजारी माणसाऐवजी धडधाकट..."

आणि मी तिथेच थांबले. आतून साहेबांनी वाक्य पूर्ण केलं, पण माझं लक्ष नव्हतं. असाच आकडा मी नुकताच कुठेतरी लिहिला होता. वही काढली. जुन्नरच्या नऊ बरण्या. पडक्या शेडच्या, दगड-विटांनी भरलेल्या जागेतल्या मातीचा कस आमच्या राजुरीच्या कांद्याच्या रानापेक्षा दुप्पट. आणि नऊही आकडे एकमेकांचे सख्खे भाऊ. अवसरीचे पाहुणे बिचारे घाबरून म्हणाले, "ताई, दुसरी आनू का?" म्हटलं, आणा. मलाही दुसरी आणायची आहे.

खरं सांगते, दोन दिवस मी गप्प बसले. पत्र आलेलं होतं, पेढे खाऊन झाले होते, कुणी विचारणार नव्हतं. वही माझ्या कपाटात होती. पण ज्या गोष्टीसाठी मी रोज लोकांना झापत होते, ती माझ्याच नावावर खपवायची, हे काही जमेना. जेवण गोड लागेना. रविवारी सकाळी मी जुन्नरला गेले, मावशीच्या घरावरून न जाता मागच्या गल्लीने, चोरासारखी.

मामा मेंढरांना पाला घालत होते. मी सरळ विचारलं, "मामा, बरण्यांतली माती कुठली?"

त्यांनी अभिमानाने मागे बोट दाखवलं. जाळीच्या कुंपणात मेंढरं जिथे बसायची, तिथली. वर्षानुवर्षं लेंड्या पडून काळी झालेली.

"अगं, तुज्या खुंटीपाशी खांदलं तर काय, इटा, काचा, पिवळी घाण. एका ठिकानी तर वास मारत व्हता. ती घाण परत बुजवली. आन् ही भरली, चांगली चाळून."

"चाळून?"

"पिठाच्या चाळनीनं," आतून मामी कडाडल्या. "माजी चाळन वाया घालवली ह्यांनी. अजून मातीचा वास येतोय भाकरीला."

मी कपाळाला हात लावला. "मामा, पण का?"

मामांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. "माती पुन्याला जानार म्हनलीस. तिथं चार सायेब बघनार. जुन्नरची लाज राखाया नको व्हय?"

मला रागही आला आणि हसूही. मग मी एक गोष्ट विचारली, जी पहिल्याच दिवशी विचारायला हवी होती. "मामा, या जागेत सगळ्यात वाईट माती कुठली?"

मामा क्षणभरही थांबले नाहीत. काठी टेकत चौकाच्या दगडी फरशीवर गेले आणि उभे राहिले. "ही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या तरुणपणी मेंढपाळांनी वर्गणी काढून तिथे लांबट हौद बांधला होता. कातरणी झाली की आसपासच्या गावांतली मेंढरं यायची. हौदात पांढऱ्या पावडरीचं पाणी, त्यातून एकेक मेंढरू पोहवून काढायचं, म्हणजे अंगावरच्या गोचिड्या मरायच्या. बाहेर आल्यावर मेंढरं या फरशीवर निथळायला उभी करायची. कळपामागून कळप, सालोसाल. फरशीवरचं पाणी फटींतून मुरायचं, उरलेलं त्या कोपऱ्यात जायचं. पुढे हौद बुजवला, माणसं पांगली, फरशी राहिली.

"माजी मेंढरं अजून बी ह्या कोपऱ्यातल्या गवताला तोंड लावत न्हाईत," मामा म्हणाले.

"अहो, मग मला सांगितलं का नाही?"

"इचारलंस का तू? नऊ खुंट्या ठोकल्यास. इचारलं एक बी न्हाई."

मामांचं खरं होतं. कागद चाळले, मोजमापं घेतली, आणि चाळीस वर्षं त्या जमिनीवर राहणारा माणूस समोर उभा असताना त्याच्या हातात फक्त खुरपं दिलं. मी पिशवीतून नकाशा काढला. बालवाडीची खोली बरोबर त्या फरशीवर दाखवली होती. जागा आयती सपाट आणि दगडी, म्हणून इंजिनिअरने तीच निवडलेली.

त्या दिवशी नऊही खड्डे मी माझ्या हाताने खणले. मामा शेजारी उकिडवे बसून प्रत्येक बरणीला नाक मुरडत होते. पुण्याचं पत्र पुन्हा तीन आठवड्यांनी आलं. सात बरण्या ठीक. फरशीजवळच्या दोन नाहीत. त्या पावडरीचं लांबलचक नाव पत्रात होतं. लहानपणी आमच्या घरात ढेकणांसाठी खाटेच्या फटींत तीच मारायचे.

मावशीला सांगायला मी साडेअकराला सभामंडपात गेले. पोरं नुकतीच गेली होती. ती म्हणाली, बरी आलीस, धर ते टोक. सतरंजीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. घडी घालता घालता मी सगळं सांगून टाकलं. हौद, फरशी, चाळण, सगळं. ती घडी घालत राहिली.

"म्हंजे खोली गेली."

"जाणार नाही. पण नकाशा बदलावा लागेल. तिथली माती उचलावी लागेल, मग पुन्हा तपासणी. उशीर होईल."

"किती?"

"दोन पावसाळे."

तिने सतरंजी खाली टाकली. "तुला कुनी सांगितलं व्हतं पुन्हा बघायला? एकदा बरी आलती ना? पेढे वाटले मी अख्ख्या आळीत! कुनाला काय झालंय त्या फरशीवर? मामा मेलेत का?" आवाजाच्या बाबतीत मी तिच्यावरच गेले आहे, त्यामुळे देवळातले दोघेतिघे वळून बघायला लागले. मलाही रडू फुटलं. म्हटलं, मला का हौस आहे? तुला खोली मिळू नये असं मला वाटतं का? तू म्हण, मी आधीचं पत्र देते, वही फाडून टाकते.

मी खरंच तसं म्हणाले होते. आणि ती हो म्हणाली असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

मावशी सतरंजीच्या ढिगावर बसली. मग हळूच म्हणाली, "ती माती तोंडात गेली तर?"

"एकदा गेली तर काही नाही. रोज गेली तर चांगलं नाही. लहान मुलांना तर नाहीच."

"अगं, माजी निम्मी पोरं माती खात्यात," ती म्हणाली. "पाठ फिरली की मूठभर तोंडात." तिने डोळे पुसले, उठली आणि सतरंजीचं टोक पुन्हा माझ्या हातात दिलं. "लिही जा तुझं. खरं काय ते लिही."

सतरंजी कपाटात गेली. जाताना ती एवढंच म्हणाली, "आळीत पेढे परत मागू का गं?" आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो.

पुढचं सगळं मंडळाच्या बैठकीत झालं. मी आदल्या रात्री मोठं भाषण तयार केलं होतं, ते वायाच गेलं. इंजिनिअरने नकाशा टेबलावर सरळ उलटा फिरवला. फरशीच्या बाजूला दुकानं आणि गाड्या लावायला काँक्रीटचं अंगण, तेही आधी तिथली माती खोलवर काढून, ताडपत्रीत बांधून योग्य त्या ठिकाणी पाठवल्यावर. बालवाडीची खोली दुसऱ्या टोकाला. देणगीदारांनी उलट टपालाने कळवलं की उशीर चालेल. मंडळातल्या एकाने तक्रार केली की एवढ्याशा मातीसाठी एवढं पुराण कशाला, तर मावशी उभी राहिली आणि तिने त्यांना ते स्वतः बालवाडीत असताना दर सोमवारी काय खायचे याची आठवण करून दिली.

उशीर मात्र झालाच. दोन पावसाळे गेले. मावशीची साठ पूर्ण झाली, सभामंडपातच तिला शाल-श्रीफळ दिलं आणि दुसऱ्या दिवशी सतरंजी दुसऱ्या बाईंनी पसरली. मला ते लागलं. अजूनही लागतं. ती कधी बोलून दाखवायची नाही, त्यामुळे जास्त.

खोलीत पोरं बसली त्या पहिल्या सकाळी आम्ही दोघी गेलो. मामाही आले होते, धुतलेला फेटा बांधून. त्यांची मेंढरं आता मुलाच्या रानात होती. दारातच त्यांनी मला अडवलं. "पोरी, खोली कुठं आलीय बघितलंस का?" मी बघितलं आणि माझ्या ध्यानात आलं. नकाशा उलटा फिरवल्यावर खोली आणि तिच्यापुढचं छोटं अंगण नेमकं मेंढरांच्या कुंपणाच्या जागी आलं होतं. "म्या धाडलेली माती खोटी नव्हती," मामा म्हणाले. "तुमीच उशिरा आलात तिच्यापाशी." अंगणात कुणी तरी मेथी टाकली होती, ती अशी तरारली होती की बघत राहावं.

मावशी खोलीत शिरली. चारी भिंतींवरून हात फिरवला. नव्या बाईंना म्हणाली, "चित्रं जरा खाली लावा. पोरांना आपापलं दिसलं पायजे." आणि पिशवीतून तिने एक जुनी गुंडाळी काढून त्यांच्या हातात दिली. वर्षानुवर्षं संध्याकाळी भिंतीवरून उतरवलेली चित्रं होती ती. नव्या बाईंनी लगेच खळ आणली आणि दोघींनी मिळून एक भिंत भरली. पहिल्या चित्रात बहुतेक गाय होती.

एवढ्यात अंगणातून आरडाओरडा झाला. तीनेक वर्षांची एक मुलगी मेथीच्या वाफ्यात बसली होती, गाल फुगलेले, हनुवटीवर काळा ओघळ. नव्या बाई धावत गेल्या, तिचा हात धरला आणि ओरडल्या, "थू कर, थू कर आधी!" मुलगी तोंड घट्ट मिटून आमच्याकडे बघत होती.

मावशी पायरीवर बसली आणि तिने मुलीला जवळ ओढून घेतलं. पदराच्या टोकाने तिची हनुवटी पुसली. मग नव्या बाईंकडे बघून म्हणाली, "असू द्या हो. तपासलेली हाय."